टॅरँट्युला कात टाकायच्या बेतात आहे आणि आम्ही महिनाभर भारतात चाललोय, काय घेऊ?

एडिसनची_आई:
नमस्कार मंडळी. मुलगा ऑगस्टमध्ये कॉलेजला गेला, होस्टेलवर प्राणी चालत नाहीत म्हणून त्याची टॅरँट्युला, म्हणजे मोठी केसाळ कोळी, आता माझ्याकडे आहे. कर्ली हेअर जात, मादी, सातवीत असताना नखाएवढी आणली होती ती आता पाय पसरले की माझ्या तळहाताएवढी होते. नाव गोदा. पाच आठवडे झाले काही खात नाहीये, क्रिकेट (तिला खायला देतो तो रातकिडा) जवळ आला की पायाने ढकलते आणि कोपऱ्यात जाऊन बसते. पोट टम्म फुगलंय, पोटावर मागे टक्कल होतं ते आधी गुलाबीसर दिसायचं ते आता काळं पडलंय. मुलगा म्हणतो आई ती कात टाकणार, हात लावू नकोस. पण ३ नोव्हेंबरची तिकिटं आहेत, नाशिकला दिवाळी आणि मग २५ ला भाच्याचं लग्न. हीट मॅट (पेटीला ऊब देणारी चटई) घेऊ का? ह्युमिडिफायर? बजेट ४० डॉलर, वर नको. शेजारीण किल्ली घ्यायला तयार आहे पण झाकण उघडणार नाही म्हणते.

मिशिगनवाला:
ताई हीट मॅट कशाला, सरळ ऑटोमॅटिक फॉगर (पेटीत वाफ सोडणारं यंत्र) घ्या टायमरवाला, सोबत डिजिटल थर्मोस्टॅट, माझा सगळा सेटअप १८० मध्ये झाला आणि तीन वर्षं एकदाही बघावं लागलं नाहीये.

आठपाय:
१८० चा फॉगर कर्ली हेअरला? ताई हे घेऊ नका प्लीज. ही जात होंडुरास, निकाराग्वा भागातली आहे, तिला थोडी ओल आवडते पण बंद पेटीत सतत वाफ सोडली तर माती कुजते, बुरशी येते. मी १४ वर्षं पाळतोय, सध्या ९ आहेत. काळं टक्कल म्हणजे आतल्या नव्या कातडीवरचे केस वरून दिसतायत, म्हणजे गोदा अगदी जवळ आलीये. पण जवळ म्हणजे उद्या की तीन आठवड्यांनी ते कोणी सांगू शकत नाही, मोठ्या माद्या महिनोन्महिने उपाशी बसतात. पेटीत एकही जिवंत क्रिकेट ठेवू नका आणि पाण्याची वाटी कायम भरलेली, बाकी काही नको.

बे_एरिया_काकू:
क्रिकेटचं अगदी खरं आहे हो. आमच्याकडे धाकट्याची होती, रात्री खाईल म्हणून एक क्रिकेट तसाच ठेवला. सकाळी बघतो तर ही उताणी, अर्धी कातेतून बाहेर, आणि तो क्रिकेट पोटाला चावत बसलेला. कातेतून निघताना अंग लोण्यासारखं मऊ असतं, तिला हलताही येत नाही. दुपारपर्यंत गेली. मुलगा दोन दिवस जेवला नाही. रात्री बॅटरी घेऊन मातीत, पाण्याच्या वाटीखाली सगळीकडे शोधा.

लंडनवासी:
हीट मॅट अजिबात नको. आमच्याकडे खालून लावली होती, कोळी ऊन वाटलं की खाली खणत जातो आणि तिथेच जास्त गरम. माती सुकली, कात पायांवर अडकली, दोन पाय गेले. पुढच्या दोन काती टाकल्यावर परत आले पण बारीक. तुम्हाला घरात बरं वाटतं तेवढं तिला पुरतं.

मिशिगनवाला:
थर्मोस्टॅट लावला असता तर पाय गेले नसते, हे वापरणाऱ्याचं चुकलं. इथे उणे १५ असतं बाहेर.

लंडनवासी:
बाहेर उणे १५, कोळी बाहेर नाहीये ना. हीटर ७० फॅरेनहाइटवर ठेवा, झालं.

कोकणी_माणूस:
आमच्या घाटात पण असतात हो हे, झाडाच्या ढोलीत, पावसाळ्यात भिंतीवर येतात, राखाडी नक्षी आणि पुढचे पाय खालून पिवळेधमक. हे परदेशी किडे विकत आणण्यापेक्षा इकडे येऊन बघा.

पुणेरी_निसर्ग:
किडा नाही, कोळी. किड्याला सहा पाय. आणि तुम्ही सांगताय ती पोसिलोथेरिया, ती फक्त भारत आणि श्रीलंकेत सापडते, २०१९ मध्ये तिच्या सगळ्या जाती सायटीसच्या (वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरचा करार) परिशिष्ट २ मध्ये गेल्या. बघायला नक्की या, पण कोणी ढोलीतून काढून घरी नेऊ नका, घाटात झाडं तोडून आधीच त्यांच्या ढोल्या संपत आल्यात.

कोकणी_माणूस:
नेत नाही हो कोणी. आमची आजी म्हणायची कोळी मारू नये घरातला, आम्ही आजही मारत नाही.

रात्रपाळी:
ताई महत्त्वाचं, गोदा उताणी दिसली तर मेली समजून सुलटी करू नका!! मी केलं होतं पहिल्या वर्षी, चमच्याने. तिचा एक पाय हातात आला आणि ती वाचली नाही, अजून वाईट वाटतं. उताणी म्हणजे कात टाकतेय. मरायला टेकलेली पालथीच असते आणि पाय मुठीसारखे पोटाखाली आवळलेले असतात.

टेक्सासकर:
पाणी भरून ठेवा आणि क्रिकेट काढा. तसंच पेटी मोठी घ्या, आम्ही २० गॅलनची घेतली, मुलं खूश.

आठपाय:
आत्ता पेटी बदलायची नाही!! कातेच्या तोंडावर हलवणं म्हणजे सगळ्यात वाईट वेळ. आणि उंच पेटी तर कधीच नको, वरून पडली तर पोट फुटतं. ताई शेजारणीसाठी उपाय सांगतो, लांब नाकाची सॉसची बाटली मिळते दोन डॉलरला, हवेच्या भोकातून नाक आत घालून वाटीत पाणी सोडायचं, झाकण उघडायलाच नको. हीटरने हवा कोरडी होते, तेव्हा आठवड्यातून दोनदा. मातीचा एक कोपरा ओला, बाकी कोरडी. कात टाकल्यावरही लगेच खायला नको, दात आधी पांढरे असतात, मग लाल, मग काळे. काळे झाल्याशिवाय क्रिकेट टाकायचा नाही, तिच्याएवढीला १० दिवस तरी. महिनाभर नाही खाल्लं तरी काही होत नाही, तुम्ही निर्धास्त जा.

बे_एरिया_काकू:
हो जा बाई, दिवाळीला माहेर रोज मिळत नाही.

टेक्सासकर:
जा. कोळ्यासाठी कोणी दिवाळी सोडत नाही.

रात्रपाळी:
+१, बाटली छान आयडिया आहे, मी पण घेतो.

एडिसनची_आई:
सगळ्यांचे खूप आभार. बाटली आणली, आणि पाण्यासाठी घरातली लोणच्याची जड काचेची वाटी ठेवली, तिला उलटवता येत नाही. बाकी काही घेतलं नाही. पण मंडळी, मी तिकीट १५ तारखेवर नेलं, वर २१० डॉलर गेले. तुम्ही सगळे जा म्हणालात, कळतं मला. पण मुलगा जाताना पेटीवर हात ठेवून मला म्हणाला होता आई हिला बघशील ना, मी हो म्हटलंय. हे ३ ला जातायत, मी लग्नाला पोचते.

टेक्सासकर:
२१० मध्ये पाच नवीन कोळी आले असते.

आठपाय:
ताई गरज नव्हती, १५ पर्यंत टाकेलच असंही नाही. पण समजलो.

एडिसनची_आई:
काल ९ तारखेला टाकली!! संध्याकाळी पांढऱ्या जाळ्याची चटई विणून बसली होती, रात्री १० ला बघितलं तर उताणी. मी लाइट बंद करून लांब खुर्चीत बसले, मधेमधे मोबाइलचा उजेड भिंतीवर टाकून बघत होते. आधी तासभर काहीच नाही. मग पाठीवरचं टणक झाकण डबीसारखं सुटलं आणि ओल्या घट्ट बाहीतून हात काढावा तसे आठही पाय हळूहळू एकदमच बाहेर यायला लागले, थोडं सरकायचं, थांबायचं, परत थोडं. दीडला पूर्ण सुटली. दात दुधासारखे पांढरे. रंग काळाभोर, अंगावरचे केस सोनेरी, पोट अर्धं झालंय. मुलाला व्हिडिओ कॉल लावला तर तो एक शब्द बोलला नाही, नुसता बघत राहिला.
आठपाय, १५ ला निघेपर्यंत दात काळे नाही झाले तर उपाशी ठेवूनच जाऊ ना? शेजारीण बाटलीने पाणी द्यायला तयार आहे, काल तिने करूनही बघितलं.

आठपाय:
हो, उपाशीच. परत आल्यावर छोटा क्रिकेट द्या. आणि कात चिमट्याने काढा, हाताने नको, तिच्यावरही खाज आणणारे केस असतात, डोळ्यात गेले तर फार त्रास होतो. फोटो टाका.