ती डीएलएल फाइल सुटी उतरवू नका

दादा, तुम्ही लिहिलंय की प्रोग्राम इन्स्टॉल झाला, पण उघडताना 'एमएसव्हीसीपी१४०.डीएलएल सापडत नाही' असं येतं. डीएलएल म्हणजे अनेक प्रोग्राम मिळून वापरतात अशी फाइल. वर एकाने ती फाइल कुठल्याशा साइटवरून उतरवून विंडोजच्या सिस्टम३२ फोल्डरमध्ये टाकायला सांगितलंय. कृपा करून तसं करू नका. अशा सुट्या फाइलबरोबर व्हायरस येऊ शकतो, आणि आवृत्ती जुळली नाही तर दुसरे चालू प्रोग्रामही अडतात. ही फाइल मायक्रोसॉफ्टच्या व्हिज्युअल सी++ रीडिस्ट्रिब्युटेबल पॅकेजमधून येते. ते त्यांच्याच साइटवरून घ्या, फुकट आहे. विंडोज ६४ बिटचं असलं तरी एक्स८६ (३२ बिटचं) आणि एक्स६४ (६४ बिटचं) दोन्ही टाका. प्रोग्राम ३२ बिटचा असला तर त्याला एक्स८६वालंच लागतं. मग रीस्टार्ट.

तेही उतरत नसेल तर आधी कॉम्प्युटरचं घड्याळ बघा; तारीख चुकली की ब्राउझर साइटवर विश्वास ठेवत नाही. आमच्याकडे भुसावळजवळ उन्हाळ्यात लाइट सारखी जाते. लाइट आली की स्क्रीनच्या कोपऱ्यात २००९ साल दिसायचं, आणि ब्राउझर जवळपास प्रत्येक साइटला 'कनेक्शन सुरक्षित नाही' म्हणायचा. अँटिव्हायरस काढून पाहिला, फरक शून्य. शेवटी सापडला तो मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सीआर२०३२ सेल, लाइट नसताना घड्याळ चालू ठेवणारा, पार उतरलेला. प्लग काढून सेल बदलला, तारीख लावली, सगळं सुरळीत उतरलं.

आणि हो, इन्स्टॉल लाइट जायच्या वेळा सोडून करा. अर्ध्यात बंद पडलंच, तर अर्धवट प्रोग्राम कंट्रोल पॅनेलमधून काढा, मगच पुन्हा टाका. तुमचं विंडोज कोणतं आहे ते सांगाल का?