शब्दचर्चा : भूल, गुंगी, बधिरीकरण आणि ‘भूल उतरली नाही’

प्रश्न (नाशिक)
खुब्याच्या हाडाच्या ऑपरेशनआधी नातेवाइकांना द्यायचं एक पानी माहितीपत्रक मराठीत लिहितेय. वाचणारी मंडळी बहुतेक दिंडोरी, कळवण, सुरगाण्याकडची. माझ्याकडे आलेल्या मसुद्यात ‘संज्ञाहरण’ आहे, सरकारी पाट्यांवर ‘बधिरीकरणशास्त्र विभाग’ असतं आणि वॉर्डात सगळे ‘भूल’ म्हणतात. कोणता शब्द ठेवू? शिवाय ऑपरेशननंतर एक-दोन दिवसांनी म्हातारी माणसं बरळायला लागली की घरचे ‘भूल उतरली नाही’ म्हणतात. पत्रकात हे चालेल का?

गंगापूर रोडहून
भूलच ठेवा. ‘संज्ञा’ म्हटलं की आज लोकांना व्याख्या आणि परिभाषा आठवते, भान आठवत नाही. ‘बधिर’ म्हटलं की कान. भूल मात्र देतात, चढते, उतरते. शब्दाला स्वतःची क्रियापदं आहेत आणि आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांना ती माहीत आहेत. फक्त कोणती भूल ते लिहा: पूर्ण भूल, कमरेखालची भूल, तेवढ्याच जागेची भूल. ‘गुंगी’ वेगळी. गुंगीतला माणूस सहसा हाक मारली की ओ देतो. या दोन्हींची सरमिसळ झाली तर नातेवाईक नको तेवढे घाबरतात किंवा नको तेवढे निर्धास्त राहतात.

परिचारिका, सिडको
ताई, ‘भूल उतरली नाही’ अजिबात लिहू नका. ऑपरेशन झालं त्या संध्याकाळी आजी चहा मागून घेतात, नातवाला नावाने हाक मारतात. म्हणजे भूल उतरलेली असते. दुसऱ्या रात्री त्याच आजी सलाईनची नळी ओढतात, सुनेला म्हणतात, “गाय सुटली, दावं धर.” मुलगा म्हणतो, भूल उतरली नाही अजून, सकाळी बघू. तेवढ्यात अख्खी रात्र हातची जाते. लघवी तुंबलेली असू शकते, जंतुसंसर्ग, ऑक्सिजन किंवा सोडियम कमी झालेलं, दुखणं सहन न होणं, एखादं औषध. यातलं बरंच काही वेळीच कळलं तर आवरता येतं. आणि हो, चष्मा आणि कानाचं यंत्र घरी ठेवून येऊ नका, हेही लिहाच. पेशंटला दिसत नसेल, ऐकू येत नसेल तर गोंधळ वाढतो.

भूलतज्ज्ञ, निवृत्त
सिस्टर बोलल्या ते खरं आहे. त्यात एक भर घालतो, कारण पुढचं वाक्य मी वॉर्डात फार ऐकलंय: “कमरेत इंजेक्शन दिलं असतं तर असं झालं नसतं.” आम्हा डॉक्टरांपैकीही अनेकांना असंच वाटायचं. मग याच प्रश्नावर मोठे अभ्यास झाले. २०२१ साली अमेरिका आणि कॅनडातल्या, खुबा मोडलेल्या १६०० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. निम्म्यांना कमरेखालची भूल, निम्म्यांना पूर्ण भूल. ६० दिवसांनी पाहिलं तर मृत्यू किंवा काठी-वॉकर घेऊनही स्वतःचं स्वतः चालता न येणं, यांचं एकत्रित प्रमाण एका गटात १८.५ टक्के, दुसऱ्यात १८. बरळण्यातही म्हणण्यासारखा फरक नव्हता. पुढच्याच वर्षी चीनमधल्या, ६५ वर्षांवरच्या ९५० रुग्णांच्या अभ्यासातही पहिल्या सात दिवसांत भ्रमाचं प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखंच निघालं: ६.२ आणि ५.१ टक्के. म्हणून ‘भूल चुकीची दिली’ असा ठपका घरच्यांनी स्वतःवर किंवा आमच्यावर ठेवू नये. वय आणि आधीपासूनचा विसरभोळेपणा यांचा वाटा मोठा असतो. घरी आजी गॅस बंद करायला विसरत असतील तर ते आम्हाला आधी सांगा. लपवू नका.

पंचवटीहून
मग त्या अवस्थेला म्हणायचं काय? जुनी माणसं ‘वात झाला’ म्हणायची, पण आता वात म्हटलं की गुडघे आठवतात. ‘चळ लागला’ तर मुळीच नको, त्यात कायमच्या वेडाचा डाग आहे आणि सुना-मुलं ते चारचौघांत बोलायला लाजतात. ‘तात्पुरता भ्रम’ बरा. पण पेशंट नुसता गप्प, सुस्त, कुठेतरी बघत पडलेला असेल तर? बरळणं दिसतं, हे कुणाच्या लक्षात येत नाही.

परिचारिका, सिडको
अगदी. गप्प पडलेल्यांचं तर “शांत झोपलेत” म्हणून सगळ्यांत उशिरा कळतं.

प्रश्नकर्ती
सगळ्यांचे आभार. मग असं लिहितेय: “भूल काही तासांत उतरते. त्यानंतर रुग्ण गोंधळला, बरळू लागला किंवा एकदम सुस्त, गप्प झाला तर तो तात्पुरता भ्रम असू शकतो. हे वेड नाही. सकाळची वाट न पाहता, रात्र असली तरी लगेच सिस्टरला सांगा.”