स्वतःची गाडी न ठेवता शेअरिंगची गाडी वापरता का? अनुभव सांगा

तीन वर्षांपूर्वी आम्ही गाडी विकली. ते ठरलं एका वहीमुळे. वर्षभर मी गाडीचा प्रत्येक खर्च त्या वहीत मांडत होते: हप्ता, विमा, सर्व्हिसिंग, टायर, पार्किंगचं भाडं, इंधन. वर्षअखेरीला बेरीज केली तर इंधनाचा आकडा बराच मागे पडलेला. म्हणजे गाडी जागची हलली नसती तरी बहुतेक पैसे गेलेच असते. पार्किंग या विषयाचा कित्येक दशकं अभ्यास केलेले डोनाल्ड शूप लिहून गेलेत की मोटारी साधारण ९५ टक्के वेळ उभ्याच असतात. आमची त्यातलीच एक.

आता आम्ही तासाच्या हिशोबाने गाडी घेतो. फोनवर बुकिंग करायचं, ठरलेल्या जागेवरून गाडी उचलायची, तिथेच परत आणून लावायची. ही कल्पना ॲपच्या जमान्यातली वाटते, पण झुरिकमध्ये १९४८ सालीच एका सहकारी संस्थेचे सभासद गाड्या सामायिक वापरत होते, कारण एकेकट्याला गाडी परवडत नव्हती. ॲमस्टरडॅममध्ये १९७४ पासून विटकार नावाच्या छोट्या, विजेवर चालणाऱ्या गाड्या अशाच फिरत. त्यामुळे 'चार दिवसांचं खूळ आहे' असं कुणी म्हटलं की मला पटत नाही.

पैशांपेक्षा मोठा बदल निघण्याआधीच्या पाच मिनिटांत झालाय. दारात गाडी होती तेव्हा किल्ली उचलायची की निघालो. आता विचार होतो: किती वेळ लागेल, चालत जमेल का, दोन कामं एकाच फेरीत उरकतील का. मला हे मनापासून आवडलंय. कुणाला याचाच जाच होत असेल, तर तेही लिहा. चांगले, वाईट, मनस्तापाचे सगळे अनुभव हवेत.

---

लहान मूल असेल तर हे वाचाच. चाइल्ड सीट आम्ही आमचीच नेतो. कडेवर मुलगी, दुसऱ्या हातात सीट, खांद्यावर पिशवी. गाडीपाशी पोचलं की बेल्ट सीटच्या मागच्या खाचेतून ओवायचा, गुडघा रोवून सीट दाबायची, बेल्ट खेचायचा, दोन्ही हातांनी हलवून बघायचं. गाडी दर वेळी तीच मिळेल असं नाही, त्यामुळे बकल कधी गादीत खोल रुतलेलं असतं, कधी बेल्टच अपुरा पडतो. तोवर बुकिंगची वेळ सुरू झालेली असते. एकदा मी घाईत सीट बसवली आणि पहिल्याच वळणावर ती एका बाजूला कलली. मुलीला काही झालं नाही, पण माझे हात बराच वेळ थरथरत होते. तेव्हापासून अर्धा तास जास्तीचा घेते. त्या अर्ध्या तासाचे पैसे मला आजवर जड वाटलेले नाहीत.

---

माझा अनुभव मनस्तापाचा आहे. आईला हॉस्पिटलमधून घरी आणायचं होतं. सकाळी गाडी घेऊन गेलो आणि हॉस्पिटलच्या तळघरात, जमिनीखाली दोन मजले लावली. डिस्चार्जचे कागद हातात पडल्यावर खाली आलो तर दार उघडेना. फोनवरचं बटण दाबतोय, चक्र नुसतं फिरतंय. कारण नंतर कळलं. त्या गाडीतल्या यंत्रालाही मोबाइलचं नेटवर्क लागतं, 'दार उघड' हा निरोप त्याच्यापर्यंत पोचावा लागतो. तळघरात तो पोचतच नव्हता. वर आई व्हीलचेअरवर बसून, आणि मी रॅम्पवर धावत वर जाऊन कंपनीला फोन लावतोय. बराच वेळ नुसतं संगीत ऐकवलं. शेवटी आईला टॅक्सीने नेलं, गाडी संध्याकाळी सोडवली. पैसे परत मिळाले, पण आईचा तेव्हाचा दमलेला चेहरा डोळ्यांपुढून जात नाही.

तरी मी सेवा सोडली नाही, बदलली. आता जी वापरतो तिचं कार्ड आहे. काचेजवळच्या पट्टीला टेकवलं की दार उघडतं. सभासद होण्याआधी हा एकच प्रश्न विचारा: नेटवर्क नसेल तर दार कसं उघडायचं?

---

फोटो काढा, एवढंच सांगेन. चारी बाजू, चारी चाकांच्या रिम, पुढची काच, आतल्या सीटा, किलोमीटरचा आकडा. घेताना काढा आणि परत लावतानाही काढा. बंपरखालचा ओरखडा माझ्या नावावर लागला होता. तो आधीचाच होता हे एका फोटोमुळे सिद्ध झालं, नाहीतर डिपॉझिट गेलं होतं. आणि विम्यात तुमच्या वाट्याला येणारी रक्कम किती, ते सही करण्याआधी वाचा. अपघात झाला तर तेवढे पैसे आपल्याच खिशातून जातात.

---

मी दोन वर्षं शेअरिंग वापरून पुन्हा स्वतःची गाडी घेतली. वडिलांचं डायलिसिस सुरू झालं. आठवड्यातून तीनदा, दर वेळी साधारण चार तास. नेऊन सोडायचं, आणायचं, आणि परतताना त्यांना गळून गेल्यासारखं होतं. तेव्हा कोपऱ्यावरच्या स्टँडपर्यंत चालत जाऊन गाडी आणणंही नको वाटतं. शिवाय आठवड्यात इतक्या फेऱ्या झाल्या की तासाचा हिशोब उलटा फिरतो. ज्यांचं रोजचं जाणं-येणं बस किंवा रेल्वेने होतं आणि गाडी अधूनमधून लागते, त्यांच्यासाठी हे उत्तम आहे. घरात आजारी माणूस असेल तर दारातली गाडी ही चैन उरत नाही. मूळ लेखातलं 'चालत जमेल का' वाचून मला थोडं लागलं, म्हणून हे लिहिलं. राग नाही.

---

आमच्या भागात 'कुठेही उचला, कुठेही सोडा' प्रकारची सेवा होती. सवय लागली, गाडी विकली, आणि सेवा बंद झाली. महिनाभर आधी एक ईमेल आला, बस. पॅरिसमध्ये ऑटोलिब नावाची विजेच्या गाड्यांची मोठी सेवा २०११ साली सुरू होऊन २०१८ मध्ये बंद पडली, तेव्हा तिथल्या लोकांचंही असंच झालं असणार. याउलट स्वित्झर्लंडमध्ये १९८७ साली निघालेल्या दोन सहकारी संस्था १९९७ मध्ये एकत्र आल्या आणि त्यांतून झालेली मोबिलिटी अजून चालू आहे. गाडी विकण्याआधी सेवा कुणाची आहे आणि किती वर्षं टिकली आहे ते बघा.

---

आम्ही कुठल्याच कंपनीकडे गेलो नाही. एका इमारतीतली चार कुटुंबं मिळून एक गाडी वापरतो. आधी विमा कंपनीशी बोललो आणि चौघांचीही नावं पॉलिसीत घातली, कारण खाजगी गाडी भाड्याने दिली असं ठरलं तर भरपाई नाकारली जाऊ शकते. आमच्यात भाडं नाही, खर्चाची वाटणी आहे, आणि ती आम्ही लिहून ठेवली आहे. पहिल्या वर्षी सुट्ट्यांवरून वाद झाले, सगळ्यांना गाडी एकाच आठवड्यात हवी होती. आता मोठ्या सुट्टीला पाळी लावतो आणि ज्याची पाळी नाही तो बाहेरून गाडी घेतो.

ग्लोव्ह बॉक्समध्ये एक वही आणि दोऱ्याने बांधलेलं पेन आहे. निघताना आणि आल्यावर किलोमीटरचा आकडा लिहायचा, एवढाच नियम होता. मग लोक आपणहून बाजूला दोन ओळी लिहू लागले. परवा भल्या पहाटे निघायचं होतं म्हणून मी दिव्याखाली वही उघडली. आदल्या रात्रीच्या आकड्यापुढे शेजारच्या आजोबांच्या अक्षरात लिहिलं होतं, 'मागच्या उजव्या टायरमध्ये हवा कमी वाटली. भरून आणली आहे. लांब जाणार असाल तर एकदा बघून घ्या.'