कील बोल्ट: गंज नटावर, झीज सांध्यात

शिडाच्या बोटीच्या तळाखालचा जड पंखा म्हणजे कील; तो बोटीला धरून ठेवणाऱ्या बोल्टच्या नटांवर गंज दिसला तर काय करावं, असा इथे प्रश्न आहे. त्यावर कुणीतरी दिलेला, नटाभोवतीचा गंज तारेच्या ब्रशनं घासून वर सीलंट भरा, हा सल्ला मला अजिबात पटला नाही. बोल्ट स्टेनलेसचे आहेत म्हणून निर्धास्त राहणं तर आणखी वाईट. स्टेनलेसवरचा संरक्षक थर टिकायला ऑक्सिजन लागतो. कील आणि बोटीचा तळ यांच्या सांध्यात खारं पाणी झिरपून साचलं की तिथला ऑक्सिजन संपतो आणि खाऱ्या पाण्यातलं क्लोराइड धातू पोखरायला लागतं. वरून सीलंट मारून ते पाणी आत कोंडलं तर उलट त्याला मदतच.

इथे बडोद्याला मकरपुऱ्यातल्या कारखान्यात मी मिठाच्या पाण्याच्या लाइनींची देखभाल बघतो. फ्लँजचे, म्हणजे दोन पाइप जोडणाऱ्या कड्यांचे, बोल्ट काढले की हे डोळ्यांना दिसतं: डोकं लख्ख, आटे शाबूत, आणि नेमका गॅस्केटपाशी (दोन कड्यांमधल्या सीलपाशी) दांडा उंदरानं कुरतडल्यासारखा. त्यामुळे नट पान्यानं घट्ट लागतोय म्हणजे बोल्ट चांगला, असं कृपा करून धरू नका. बोट बाहेर काढाल तेव्हा कीलला खालून आधार देऊन सगळ्यात गंजका बोल्ट काढून बघा. निघत नसेल तर अल्ट्रासॉनिक, म्हणजे ध्वनिलहरींची, तपासणी करून घ्या. बोल्टचं टोक सपाट घासून त्यावर लहरी सोडणारा प्रोब टेकवतात; दांडा मध्येच बारीक झाला असेल तर प्रतिध्वनी लवकर परत येतो.