ऑपेराच्या निधी-भोजनात देणगीचं आवाहन कधी करावं?

आमच्या ऑपेरा कंपनीच्या निधी-भोजनाचा क्रम लावतेय आणि एकाच जागी अडलेय. २०० पाहुणे, गोल टेबलं, साथीला फक्त पियानो. गायक माइक घेत नाहीत, म्हणून गाताना वाढप बंद. मागच्या खेपेला एका काट्याच्या खणखणाटात सोप्रानोच्या (उंच पट्टीत गाणाऱ्या गायिकेच्या) गाण्याचा हळुवार शेवट बुडाला. आवाहन तेव्हा गोडानंतर ठेवलं होतं, तोवर निम्मी टेबलं उठलेली! यंदा सुरुवातीलाच व्हेर्दीच्या 'ला त्राव्हियाता' या ऑपेरातलं (१८५३) प्याले उंचावण्याचं गाणं आहे, ते हलणार नाही. लिलाव नकोच, असं मंडळाचं ठरलंय. मुख्य जेवणानंतर एक आरिया (ऑपेरातलं एकट्यानं गायचं गाणं) आणि लगेच आवाहन करावं, की आवाहन उरकून मग गाणं? दोन्ही करून पाहिलेल्यांनी सांगा, देणग्या कशात जास्त आल्या?