मदत हवी आहे : महाविद्यालयाने ठेवून घेतलेली मूळ प्रमाणपत्रे, थकलेला पगार आणि तक्रारीचा योग्य क्रम

नमस्कार.

मी महाराष्ट्रातील एका खाजगी विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयात सहायक प्राध्यापक आहे. महाविद्यालय राज्यातील एका सार्वजनिक विद्यापीठाशी संलग्न आहे. संस्थेचे नाव येथे देत नाही, कारण तक्रार जिथे करायची तिथेच ती नावानिशी करावी असे मला वाटते.

रुजू होताना कार्यालयाने पदवी, पदव्युत्तर पदवी आणि सर्व गुणपत्रके यांच्या मूळ प्रती पडताळणीच्या नावाखाली जमा करून घेतल्या आणि त्या अद्याप परत दिलेल्या नाहीत. पोच म्हणून माझ्याकडे कागदपत्रांची एक यादी आहे. तिच्यावर कार्यालयाचा गोल शिक्का आहे, पण सही कोणाचीच नाही. माझ्या विभागातील जवळजवळ सर्वांची हीच स्थिती आहे. पगार कित्येक महिन्यांचा थकलेला आहे. मधूनच एखाद्या महिन्याचा पगार बँकेत पूर्ण जमा होतो आणि लगेच लेखा विभागातून निरोप येतो की ठरलेला भाग रोखीने परत आणून द्यावा. त्या रोख रकमेची पावती मिळत नाही. फॉर्म १६ (वेतन व त्यातून कापलेल्या आयकराचा दाखला) मात्र पूर्ण पगाराचा निघतो, म्हणजे हातात न राहिलेल्या पैशांवरही आयकर आम्हीच भरतो, आणि विद्यापीठाची समिती पाहणीला आली की हेच बँकेचे तपशील पूर्ण वेतन दिल्याचा पुरावा म्हणून तिच्यासमोर ठेवले जातात.

शिकवण्याच्या तासांबद्दल मी फार लिहीत नाही. सहायक प्राध्यापकाला आठवड्याला सोळा तास प्रत्यक्ष अध्यापन असा दंडक असताना आम्हाला त्याहून बरेच अधिक तास घ्यावे लागतात, आणि प्रवेशाच्या हंगामात विद्यार्थी मिळवून आणण्याची संख्याही प्रत्येकाला ठरवून दिली जाते. हे सोसता येते. ज्याने झोप उडते ती गोष्ट वेगळी आहे : आमच्या प्रयोगशाळेतील परिचर काकांच्या पगारपत्रकात भविष्य निर्वाह निधीची कपात दर महिन्याला दिसते, पण त्यांच्या पासबुकात गेल्या बऱ्याच काळात एकही रक्कम जमा झालेली नाही. मी स्वतः त्यांच्या मोबाइलवर पासबुक उघडून पाहिले. ते मला म्हणाले, "सर, तुम्ही शिकलेले आहात, तुम्हाला दुसरीकडे नोकरी मिळेल, मी कुठे जाऊ?"

मला दुसऱ्या महाविद्यालयात संधी मिळण्याची शक्यता आहे, परंतु तिथे मूळ प्रमाणपत्रे दाखवावी लागतील. राजीनामा दिला तर थकीत वेतनावर पाणी सोडल्याचे लिहून द्या, मग कागद मिळतील, असे यापूर्वी सोडून गेलेल्या सहकाऱ्यांना सांगण्यात आले होते. काहींनी तसे लिहूनही दिले. कागद कपाटात अडकलेले असल्यामुळेच इतकी माणसे इतका काळ गप्प आहेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

माझा प्रश्न क्रमाचा आहे. आधी राजीनामा द्यावा, आधी प्रमाणपत्रे मागावीत की आधी वेतनाची तक्रार करावी? आणि शिक्षकांनी व शिक्षकेतर कर्मचाऱ्यांनी एकत्र अर्ज करणे योग्य ठरेल का? अनुभवी व जाणकार सदस्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

सर, मी प्राध्यापक संघटनेच्या कामात बरीच वर्षे आहे, त्यामुळे जे पाहिले आहे ते लिहिते.

राजीनामा सर्वात शेवटी. तुम्ही सेवेत आहात तोवर तुमच्या अर्जाला सेवेतील कर्मचाऱ्याच्या अर्जाचे वजन आहे. प्रमाणपत्रे आधी मागा, आणि त्या अर्जात वेतनाचा एक शब्दही घालू नका. कोणत्या तारखेला कोणते कागद दिले, ते कशासाठी घेतले होते, पडताळणी केव्हाच पूर्ण झालेली असल्यामुळे ते अमुक दिवसांत परत करावेत, एवढेच लिहा. अर्ज आवक विभागात देऊन दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारीख घ्या. घेण्यास नकार दिला तर त्याच दिवशी तोच अर्ज प्राचार्यांच्या नावे स्पीड पोस्टाने पाठवा व महाविद्यालयाच्या अधिकृत ईमेलवरही टाका. शिक्क्याची यादी जपून ठेवा. सही नसली तरी कागद कोणाकडे आहेत हे ती सांगते. विद्यार्थ्यांची मूळ प्रमाणपत्रे संस्थांनी ठेवून घेऊ नयेत असे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्येच बजावले आहे. तो आदेश विद्यार्थ्यांपुरता असला, तरी शिक्षकाची पदवी ही त्याची स्वतःची मालमत्ता आहे आणि ती तारण म्हणून ठेवण्याचा अधिकार नोकरी देणाऱ्याला कोणत्याही कायद्याने दिलेला नाही. अर्जाला दाद मिळाली नाही तर वकिलामार्फत नोटीस आणि त्यानंतर पोलिसांत लेखी तक्रार हे मार्ग खुले राहतात.

वेतनासाठी महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम, २०१६ पाहा. कलम ७९ नुसार विद्यापीठात तक्रार निवारण समिती असते आणि संलग्न महाविद्यालयांतील शिक्षक व इतर कर्मचारी तिच्याकडे जाऊ शकतात. तक्रार केल्यामुळे संस्थेने तुम्हाला काढून टाकले, तर कलम ८१ खाली विद्यापीठ व महाविद्यालय न्यायाधिकरणाकडे अपील करता येते. ते आदेश मिळाल्यापासून तीस दिवसांच्या आत करावे लागते, आणि नेमकी हीच मुदत माणसे वाटाघाटींच्या आशेवर घालवून बसतात. थकीत वेतनाच्या दाव्यालाही तीन वर्षांची मुदत असते, म्हणून सर्वात जुन्या महिन्यावर आधी लक्ष ठेवा.

वेतनावरचा हक्क सोडल्याचे कागद कोणीही लिहून देऊ नका. ज्यांनी दबावाखाली दिले आहेत त्यांनीही सर्व संपले असे समजू नये. कोणत्या परिस्थितीत सही घेतली गेली याची हकिकत तारखांसह आताच लिहून ठेवावी.

प्रतिसाद २

रोखीने परत घेतल्या जाणाऱ्या पैशांबद्दल थोडे. मी एका महाविद्यालयात कार्यालयीन अधीक्षक होतो, त्यामुळे हिशेब कसा मांडला जातो ते मला ठाऊक आहे. विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांचे शुल्क २०१५ च्या कायद्यानुसार स्थापन झालेले शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते, आणि संस्था जो खर्च दाखवते त्यात वेतन ही मोठी बाब असते. म्हणजे कागदोपत्री पूर्ण दाखवलेल्या पगाराचा भार विद्यार्थ्यांच्या पालकांवर पडतो आणि त्यातला काही भाग शिक्षकाच्या हातून परत संस्थेकडे जातो. एका बाजूने पालक व दुसऱ्या बाजूने शिक्षक नागवला जाण्याचा हा प्रकार अनेकांना केवळ आपला खाजगी अपमान वाटतो, आणि त्यामुळे तो उघडा पडत नाही.

बँकेचे उतारे काढून घ्या. पगार जमा झाल्यानंतर लगेच काढलेल्या रोख रकमा, त्यांच्या तारखा आणि निरोपाचे संदेश एकमेकांसमोर ठेवले की बरेच काही बोलते. कापलेला आयकर प्रत्यक्षात भरला गेला आहे का, हे फॉर्म २६एएस मध्ये, म्हणजे आयकर खात्याकडील तुमच्या नावे जमा झालेल्या कराच्या तपशिलात, पाहा. विद्यापीठाच्या पाहणी समितीपुढे कोणती वेतनपत्रके ठेवली गेली, याची प्रत विद्यापीठाकडे माहिती अधिकारात मागता येते, कारण विद्यापीठ हे सार्वजनिक प्राधिकरण आहे.

मूळ लेखकाचा प्रतिसाद

ताई आणि सर, दोघांचे मनापासून आभार. प्रमाणपत्रांचा आणि वेतनाचा अर्ज वेगळा ठेवावा हे मला सुचले नव्हते, आणि आता त्याचे कारण पटते. माझ्या सहकाऱ्यांशी बोललो. विभागातील काही जण आपापला अर्ज त्याच दिवशी देण्यास तयार आहेत. परिचर काकांचे काय करावे, हे मात्र अजून उमगलेले नाही. आमच्या तक्रारीत त्यांचे नाव घातले तर त्यांनाच आधी त्रास होईल अशी मला भीती वाटते.

प्रतिसाद ३

काकांचे प्रकरण तुमच्या अर्जात घालू नये, कारण त्यांचा मार्ग वेगळा आणि काही बाबतींत तुमच्यापेक्षा भक्कम आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये गोव्यातील एका शिक्षिकेच्या प्रकरणात शिक्षक हे तेव्हाच्या औद्योगिक विवाद कायद्याच्या अर्थाने कामगार नाहीत असा निर्णय दिला. परिचर, शिपाई, लिपिक यांना ती अडचण येत नाही, त्यामुळे ते कामगार कार्यालयाकडेही दाद मागू शकतात.

भविष्य निर्वाह निधीचे तर सरळ आहे. महिन्याची वर्गणी पुढील महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरावी लागते, आणि कर्मचाऱ्याच्या पगारातून कापलेला हिस्सा न भरणे हा कायद्याच्या दृष्टीने विश्वासघाताचा गुन्हा ठरतो. तक्रार कर्मचारी भविष्य निर्वाह निधी संघटनेच्या तक्रार पोर्टलवर करता येते. सोबत कपात दाखवणारी पगारपत्रके आणि पासबुकाची प्रत जोडावी. चौकशी संपूर्ण आस्थापनेची होऊ शकते, त्यामुळे ज्यांची ज्यांची रक्कम कापली गेली त्या प्रत्येकाची वर्गणी भरण्याची वेळ संस्थेवर येईल. इतर शिक्षकेतर कर्मचाऱ्यांनाही आपापली पासबुके तपासायला सांगा. एकाच तक्रारीपेक्षा अनेक तक्रारी गेल्या तर काका एकटे पडणार नाहीत.

आणखी एक. काकांची निवृत्ती जवळ असेल तर त्यांची उपदानाची (ग्रॅच्युइटीची) रक्कमही आताच काढून पाहा. महिन्याच्या मूळ वेतन व महागाई भत्त्याला २६ ने भागून, १५ ने आणि सेवेच्या वर्षांनी गुणले की ढोबळ रक्कम कळते. तुम्हालाही हे लागू आहे. शिक्षकांना उपदान कायद्यात आणणारी २००९ ची दुरुस्ती ३ एप्रिल १९९७ पासून लागू करण्यात आली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये ती वैध ठरवली. काकांच्या नियुक्तिपत्राची प्रत त्यांच्याकडे आहे का, हे मात्र पहिल्यांदा विचारा. नसेल तर मस्टरवरील जुन्या सह्या, ओळखपत्र आणि बँकेत पहिला पगार जमा झाल्याची नोंद यांतून सेवेची सुरुवात सिद्ध करावी लागेल, आणि ते कागद गोळा करायला त्यांना तुमचीच मदत लागणार आहे.