शाळेशी वाद: मध्यस्थीला बसण्याआधी काय बघावं? मदत हवी आहे

माझा मुलगा ५वीत आहे. त्याला डिस्लेक्सिया (वाचायला-लिहायला अडचण) आहे, तज्ज्ञांचा अहवालही शाळेला दिलाय. तरी परीक्षेत जादा वेळ मिळत नाही. ४ महिने नुसते ईमेल आणि भेटी. आता वर्गशिक्षिका आणि मी एकमेकींशी धड बोलतही नाही, आणि त्यात पोर भरडलं जातंय. तेच मला सहन होत नाही.

मुख्याध्यापकांनी मध्यस्थी सुचवली आहे. मध्यस्थ निकाल देत नाही, दोन्ही बाजूंना बोलतं करतो, गरज पडली तर वेगवेगळं भेटतो, एवढं वाचलंय. पण मध्यस्थ शाळेनेच निवडला आणि पैसेही शाळाच देणार असेल, तर तो तटस्थ राहील का? नाव दोघांच्या संमतीनेच ठरावं असा आग्रह धरू का?

कुणी यातून गेलं असेल तर सांगा, समझोत्यात काय काय लिहून घेतलंत? 'शक्य तेवढी मदत करू' अशा मोघम वाक्यावर मी सही करणार नाही. किती मिनिटं जादा, कोणत्या विषयांना, लक्ष कोण ठेवणार, हे कागदावर हवं.

आणि मुलाला बैठकीला न्यावं का? तो म्हणतो, "मी येतो." माझं मन धजत नाही.